गुंतवणूक बँकेच्या दाराशी

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आज त्याच मुंबईत आपल्या शाळेची मुले वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात शिकत आहेत. गुंतवणूक बँकेत इंटर्नशिप कशी मिळवावी, असे ती आम्हांस विचारतात.

ही बँक सामान्यांच्या ठेवींवर चालत नाही. ती कंपन्यांना भांडवल उभारून देते, विलीनीकरणात सल्ला देते. मोठ्या बँका बहुधा अंतिम वर्षाच्या उंबरठ्यावरील विद्यार्थीच घेतात. म्हणून प्रथम वर्षी चार्टर्ड अकाउंटंटचे कार्यालय किंवा लहान सल्लागार संस्था हीच खरी पायरी होय. तेथे ताळेबंद वाचण्याची दृष्टी येते, एक्सेलवर हात बसतो. भागविक्रीस येणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके सेबीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यांपैकी एक अभ्यासून एका पानाचे टिपण लिहावे व अर्जासोबत जोडावे.

तथापि अशा अनेक संधी ओळखीतून मिळतात, आणि आपल्या मुलांजवळ नेमकी तीच नसते. माजी विद्यार्थ्यांनी येथे कल्याणमित्र व्हावे: एखादा अर्ज तपासावा, शिफारस करावी, दोन महिन्यांच्या निवासाची सोय पाहावी. गुणवत्ता मुलांची आहेच; दार दाखविणे आपले कर्तव्य आहे.