जखमेतला पू कशाचा असतो?

तुटलेल्या उसाचं धसकट कधीच पायात घुसलं नाही असा शेतकरी आपल्या कार्यक्षेत्रात शोधून सापडायचा नाही. दोन दिवसांनी जागा ठणकते, पिकते आणि हिरवट-पिवळा पू येतो. ‘घाण बाहेर पडली’ असं आपण म्हणतो. पण ही घाण बरीचशी आपल्याच रक्तातल्या, जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशींची असते.

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या. जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास रक्तावर निरनिराळे रंग चढवून पांढऱ्या पेशींच्या पोटातले बारीक दाणे तपासले आणि त्यांवरून पेशींच्या जाती पाडल्या. हे दाणे म्हणजे प्रथिनांनी भरलेल्या पिशव्या. हाडाच्या मगजात पेशी तयार होत असतानाच त्या भरल्या जातात. गाळप सुरू झाल्यावर चुना आणि गंधक शोधायला कोणी धावत नाही, गोदामात ते आधीच असतं, तसंच हे.

पिशव्यांत काय काय आहे? लायसोझाइम जंतूची भिंत फोडतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या अश्रूंत आणि लाळेतही ते असतं. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं, म्हणजे जंतूंची उपासमार. पण खरा मानकरी मायलोपेरॉक्सिडेज. स्वीडनच्या आग्नर यांनी १९४१ मध्ये ते वेगळं काढलं. हे प्रथिन मुळातच हिरवं आहे, पुवाची हिरवट झाक बहुधा त्याचीच. पेशीत तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अंगातल्या मिठातलं क्लोराइड घेऊन ते हायपोक्लोरस आम्ल बनवतं. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते ना? तिच्यातूनही पाण्यात हेच आम्ल निघतं आणि जंतू मारतं!

मात्र या माऱ्याला आपलं-परकं कळत नाही. त्याच पिशव्यांतलं इलॅस्टेज नावाचं प्रथिन फुप्फुसाचे लवचीक धागेही कुरतडतं. त्याला आवर घालणारं दुसरं प्रथिन यकृतातून येतं आणि विडीचा धूर नेमका त्यालाच निकामी करतो. विडी ओढणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता मुद्द्याचं. आपण साखरेवर जगणारी माणसं, पण रक्तातली साखर वाढली की या पेशी मंदावतात, जंतू मारण्याची त्यांची ताकद घटते. त्यात मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असली तर धसकट घुसलेलं कळतसुद्धा नाही. मग साध्या जखमेपायी पाय कापायची पाळी येते. तेव्हा जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. शेण, तंबाखू, माती चोपडू नका. पू दाबून पिळू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. जखम आठवडाभरात सुकायला लागली नाही तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह असेल तर मात्र आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि फडातून आल्यावर रोज पाय धुऊन तळवे बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांना बघायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही.