घराच्या कुंपणाचा हिशेब

घर बांधून झाले म्हणजे कुंपणाचा प्रश्न येतो, आणि आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळजण प्रथम तारेचा भाव विचारतात. आमच्या मते आरंभ तेथून होऊ नये. कुंपणाचा खर्च जागेच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर तिच्या घेरावर अवलंबून असतो.

बेळगावकडे जागा गुंठ्यांनी मोजतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ही जागा ३३ फूट लांब व तितकीच रुंद असेल तर घेर १३२ फूट होतो. साडेसोळा फूट रुंद व ६६ फूट लांब असेल तर १६५ फूट. सव्वाआठ फुटांवर एक खांब धरल्यास पहिलीस १६ व दुसरीस २० खांब लागतात. तारेचे चार पदर घेतल्यास अनुक्रमे ५२८ व ६६० फूट तार. क्षेत्र तेच, खर्च मात्र सव्वापट!

काटेरी तार वजनावर विकली जाते. बारीक तार किलोमागे अधिक लांब भरते, परंतु लवकर गंजते. म्हणून किलोच्या भावावरून फुटाचा भाव काढून जाडीसह तुलना करावी. कोपऱ्याच्या खांबांचे तिरके टेकू, खड्डे, काँक्रीट, मजुरी व फाटक ही कलमे अंदाजपत्रकात विसरू नयेत.

सर्वांत महाग चूक मात्र निराळीच आहे. सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा कायम झाल्याशिवाय खांब रोवू नयेत, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यासही अगत्याने बोलवावे. हातभर पलीकडे गेलेले कुंपण उपटून पुन्हा घालता येते. तुटलेला शेजार कोणत्याही खतावणीत भरून निघत नाही.