डर्ट ट्रॅकवर आरएक्स १००

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. समोर हिरो एक्सपल्स २०० असेल, तर ती दीडशे किलोंच्या पुढची. अरुंद वळणातून जुनी गाडी झपकन निघते, आणि तो क्षण खरोखर पाहण्यासारखा असतो.

उडी आली की मात्र पारडे फिरते. एक्सपल्सच्या पुढच्या सस्पेन्शनला १९० मिमी चाल आहे. आरएक्सचे मागचे दोन आखूड शॉकॲब्सॉर्बर लगेच तळाला टेकतात. महाड-पोलादपूरकडच्या लाल मातीच्या पावसाळी उतारावर तर कसोटीच. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसते. सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो, आणि आत पाणी शिरले की त्यांची पकड सुटते.