उपस्थात्याचे आरोग्य : एका दंतचिकित्सालयातील अनुभव

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, खुड्डाकचतुष्पाद, आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येकाचे चार गुण, असे सोळा गुण आपण परीक्षेसाठी मुखोद्गत केलेले असतात. त्यांपैकी उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, भर्त्याविषयी अनुराग आणि शौच. भर्ता या शब्दाने येथे रुग्ण अभिप्रेत आहे असा अर्थ बहुधा केला जातो. शब्दशः मात्र भर्ता म्हणजे पोषण करणारा, स्वामी. नवा सहायक कामावर घेताना प्रस्तुत लेखकाने हे चारही गुण नेहमी पारखले. परंतु यांतील अनुराग कशाने उत्पन्न होतो व कशाने क्षीण होतो, याचा विचार कधी केला नव्हता. तो करावयास लावला आमच्याच इमारतीतील एका दंतचिकित्सालयाने.

आमचे चिकित्सालय व त्यास जोडलेले छोटे औषधालय तालुक्याच्या गावी बाजारपेठेत तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर एका दंतवैद्य भगिनींचा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. गेली बारा वर्षे रुग्णांची देवाणघेवाण चालू आहे. मुखपाकाचा रुग्ण त्या खाली पाठवितात, किडलेल्या दाढेचा मी वर पाठवितो. कवल-गंडूषाने दंतमूळ दृढ होईल, पण दाढेतील पोकळी भरून येणार नाही, हे उभयतांस मान्य असल्याने वादाचा प्रसंग येत नाही.

आधुनिक दंतचिकित्सा हे चार हातांचे काम आहे. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारे अतिवेगवान हँडपीस आले. मिनिटास तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या या यंत्रास सतत पाण्याचा फवारा लागतो आणि ते पाणी, लाळ व रक्त यांसह शोषून घेण्यास दुसरी व्यक्ती लागते. रुग्ण खुर्चीत आडवा असतो, दंतवैद्य एका बाजूस व सहायिका दुसऱ्या बाजूस. सक्शन धरणे, गाल बाजूस सारणे, सिमेंट कालविणे, रडणाऱ्या बालकाचे हात हळुवार धरणे, नंतर उपकरणे घासून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवणे, फोन घेणे, पैसे मोजणे हे सारे तिचेच. आणि तरीही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद केली, त्यांत खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या सहायिकेचे नाव नव्हते. ती बहुधा बारावीपर्यंत शिकलेली असते, काम पाहून पाहून शिकते. आपल्याकडील अभ्यंग-स्वेदन करणाऱ्या सहायकांची कथा फारशी निराळी नाही.

वरच्या दवाखान्यातील सहायिका अकरा वर्षांपासून तेथे होती. एका बुधवारी रात्री नऊच्या सुमारास, आम्ही दारे लावीत असता, ती खाली आली आणि विचारू लागली, “वैद्यकाका, सुई टोचली तर काय होतं हो?” कोणास टोचली, असे विचारल्यावर तिने अंगठा पुढे केला. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास ट्रे आवरताना, टोपण न लावलेली बधिरीकरणाची सुई तिच्या अंगठ्यात गेली होती. हातमोजे होते, पण हातमोजा सुई अडवीत नाही. त्या दिवशी पाच रुग्णांना इंजेक्शन दिलेले. सुई कोणाची, ते कळण्यास मार्ग नव्हता. तिने अंगठा दाबदाबून रक्त काढले, स्पिरिट चोळले आणि कोणास काही सांगितले नाही. घरी पाच वर्षांचा मुलगा. दोन दिवस त्यास जवळ घेतले नाही, म्हणाली.

येथे काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्यापैकी अनेकजण विद्धकर्म, सिरावेध, जलौकावचारण नित्य करतात. सुई टोचल्यास जखम दाबू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट वा तीव्र जंतुनाशक चोळू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे. त्यानंतर महत्त्व काळाचे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे अल्प. परंतु लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बीची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर ती देण्यात अर्थ उरत नाही. ती २८ दिवस घ्यावयाची असतात. हिपॅटायटिस बीसाठी लस व इम्युनोग्लोब्युलिन द्यावयाचे ते शक्यतो २४ तासांत, उशिरात उशिरा सात दिवसांत. येथे काढा, चूर्ण वा रसायनाचा विचारही मनात आणू नये. रसायनाचे स्थान निराळे, या ७२ तासांत ते नाही.

त्रेपन्न तास उलटले होते. दंतवैद्य भगिनींना बोलावून आम्ही तिघे त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात गेलो. तेथील ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांनी एकही अनावश्यक प्रश्न न विचारता औषधे सुरू केली. लस घेतली होती का, या प्रश्नास तिने मान हलविली. अकरा वर्षांत तिला कोणी विचारलेच नव्हते, आणि स्वतः दंतवैद्यांनी मात्र महाविद्यालयातच तिन्ही मात्रा घेतलेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर त्या भगिनींनी तिला विचारले, “अगं, मला का नाही सांगितलंस?” थोडा वेळ उत्तर आले नाही. मग ती म्हणाली, “मॅडम, दिवाळीआधी हँडपीस हातातून पडला तेव्हा दोन महिने पगारातून कापले होते. सुईचं काय कापाल, तेच कळेना.” गाडीत पुढे कोणी बोलले नाही. त्या बाई कठोर नाहीत. हँडपीस महाग असते, दवाखान्याचे कर्ज असते, आणि पगारातून थोडे कापणे ही आपल्या बाजारपेठेत सर्वमान्य रीत आहे. मीही ती पाळली आहे. परंतु त्या कापलेल्या पैशांनी सहायिकेला एकच गोष्ट शिकविली होती, की या ठिकाणी चूक झाली तर ती लपवावी.

तिच्या सहा आठवडे, तीन महिने व सहा महिन्यांच्या तपासण्या निर्दोष आल्या. त्या सहा महिन्यांत ती कामावर येत राहिली, पण पहिले २८ दिवस औषधांनी मळमळ होत असल्याने तिला अर्धा दिवस काम व पूर्ण पगार असे ठरले. कापलेले पैसेही परत दिले गेले. ते देताना बाईंना शब्द सापडेनात, असे त्यांनीच मला सांगितले.

दवाखान्यात त्यानंतर जे बदल झाले, त्यांपैकी बरेच कायद्याने पूर्वीच अपेक्षित होते, हे नमूद करताना संकोच वाटतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांस हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांच्या लसी देणे, कामावर घेताना व त्यानंतर दरवर्षी त्यांची आरोग्यतपासणी करणे, तसेच दरवर्षी प्रशिक्षण देणे ही संस्थाचालकाची जबाबदारी आहे. हे नियम दवाखान्यांस व आयुष रुग्णालयांसही लागू आहेत, केवळ मोठ्या इस्पितळांस नव्हे. लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिन्यांनी. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी पाहावी. सुया टाकण्याचे पांढरे, न भोसकले जाणारे पात्र आता ओट्याच्या टोकास नसून खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे. ज्याने सुई वापरली त्यानेच ती पात्रात टाकावयाची, सहायिकेच्या ट्रेमध्ये सुई जावयाची नाही, हा सर्वांत परिणामकारक बदल. त्यास एक पैसाही खर्च आला नाही.

मान व कंबर यांचा प्रश्न अधिक चिवट आहे. दंतवैद्य निदान स्टुलावर बसतो, सहायिका दिवसभर वाकून उभी. तिच्यासाठी पायास आधार असलेले उंच स्टूल आले. दुपारची अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी अपॉइंटमेंटच्या वहीतच आडवी रेघ मारून राखली गेली, कारण रेघ नसेल तर त्या वेळेत एखादा ‘फक्त दाखवायला’ आलेला रुग्ण हमखास बसतो. भरलेली दाढ कठीण करणाऱ्या निळ्या प्रकाशाकडे पाहू नये म्हणून नारिंगी चष्मे आले. चांदीची म्हणून ओळखली जाणारी दाढभरणी, जिच्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, ती तेथे बंद होऊन काही वर्षे झाली आहेत.

पाऱ्याचा उल्लेख निघाला आणि मी वरून खाली आलो. आमच्या औषधालयात कज्जली होते. शुद्ध पारद व गंधक यांचे मर्दन करणारा आमचा कामगार, पन्नाशीचा, वीस वर्षे त्या एकाच खोलीत काम करतो. खोलीस एक खिडकी, तीही चूर्ण उडू नये म्हणून बंद. शोधनाची काळजी आपण औषध घेणाऱ्या रुग्णासाठी घेतो. मर्दन करणाऱ्याच्या श्वासात जाणाऱ्या बाष्पाकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. पिंपळी व मिरे कुटणाऱ्या बाईंचा खोकला ‘सवयीचा’ म्हणून सोडून दिला होता. अभ्यंग करणाऱ्या आमच्या सहायकास विचारले, तेव्हा कळले की त्याचे उजवे मनगट दोन वर्षांपासून दुखते आणि घरी त्याची पत्नी त्यास शेक देते. रोज सहा-सात रुग्णांचे अभ्यंग, मध्ये पेटीस्वेदाच्या खोलीची उष्णता. वातव्याधीचे रुग्ण त्याच्या हातांनी बरे होत होते आणि त्याच हातांची तपासणी मी केली नव्हती. रोज नमस्कार करणाऱ्या माणसाची नाडी पाहण्याचे सुचत नाही, हे खरे.

आता त्याच्याकडे दिवसास चारच अभ्यंग असतात, दुसऱ्या एका मुलास काम शिकविले आहे. उत्पन्नात घट झाली, ती लपविण्याचे कारण नाही. पंचकर्माचे दर थोडे वाढवावे लागले व दोन जुने रुग्ण त्यामुळे नाराज झाले. विद्धकर्माच्या टेबलाशेजारी पांढरे पात्र आले आहे. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेसच होतो. वस्तू फुटल्यास पगारातून काही कापले जात नाही, हे मी सर्वांस एकत्र बसवून सांगितले. कोणाचा लगेच विश्वास बसला असे चेहऱ्यांवरून दिसले नाही.

वरच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्हशेजारी एक वही टांगलेली आहे. सुई, ब्लेड वा उपकरण कोणासही टोचले, दंतवैद्यांसही, तर त्याच तासात तीत लिहावयाचे व जोडीला फोन करावयाचा. पहिल्या तीन महिन्यांत चार नोंदी झाल्या, त्यांपैकी एक बाईंची स्वतःची. त्यापूर्वीच्या अकरा वर्षांत त्या दवाखान्यात कोणास काही टोचल्याची एकही वार्ता नव्हती.

आमच्या वहीत अजून दोनच नोंदी आहेत. खलाच्या खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसला आहे, परंतु पारदाच्या बाष्पासाठी तेवढे पुरेसे नाही. साधी मुखपट्टी धूळ अडविते, बाष्प नव्हे. तोपर्यंत कज्जलीचे मर्दन थांबविले असून त्या कामगारास वटीयंत्राकडे दिले आहे. ज्या औषधालयचालकांनी खलासाठी बंदिस्त यंत्र व बाष्प ओढून घेणारी सोय प्रत्यक्ष वापरली असेल, त्यांनी खर्च व अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावा.