खाडीकांठची वनजाई

श्रोतेहो, बंगल्याभोंवतीं कातरलेली कोयनेल आपण नित्य पाहतां. तिचें माहेर मात्र खाडीकांठीं, आणि दुसरें नांव वनजाई. खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाहीं.

पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढी जाड, धड कोंवळी ना धड जून अशी फांदी वीतभर कापावी. छेद पेराच्या लगेच खालीं घ्यावा, कारण मुळें बहुधा तेथूनच फुटतात. पानांची वरची एकच जोडी ठेवावी. पानें जितकें पाणी उडवितात तितकें मुळांवांचून फांदीला शोषतां येत नाहीं. ती मान टाकते, हौशी माणूस घाबरून पाणी ओततो, आणि फांदी कुजते! वाळूमिश्रित माती, सावली व बेताची ओल पुरे.

किनाऱ्यासाठीं रोपें करावयाचीं तर फांद्या अनेक झाडांच्या घ्याव्या. एकाच झाडाचीं सारीं रोपें एकाच प्रकृतीचीं, एखाद्या रोगानें सारी रांगच जावयाची.