ओघळाची चित्रकला

चाकणजवळील निघोजे येथें मोटारींचा मोठा कारखाना आहे. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ जरी उतरला, तरी तें काम सदोष ठरतें. ओतीव ॲक्रिलिक रंगांची चित्रकला मात्र या ओघळावरच उभी आहे.

गंमत अशी कीं, तिचा एक पूर्वज मोटारीच्या रंगांतूनच जन्मला. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेरोस यानें १९३६ सालीं न्यूयॉर्क येथें कार्यशाळा काढली व आडव्या फळ्यांवर मोटारींचें लॅकर थरावर थर ओतून पाहिलें. तरुण जॅक्सन पोलॉक तेथें होता. रंग एकमेकांत शिरून आपोआप जाळीं विणूं लागले. सिकेरोसनें याला अपघात म्हटलें. पण अपघातालाहि नियम असतो. जड रंग हलक्यावर पडला कीं तो बुडूं पाहतो, हलका वर उसळतो, आणि या झटापटींत पेशींसारखीं वर्तुळें उमटतात. २०१५ सालीं मेक्सिकोच्या संशोधकांनीं प्रयोगानें हेंच दाखविलें. पांढरा रंग टिटॅनियमच्या भुकटीमुळें बहुधा जड असतो. म्हणून तो काळ्यावर ओतला तर जाळें चांगलें फुटतें.

पाण्यांत मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुढें आले आणि ही कला घरोघरीं शक्य झाली. रंग काकवीइतका वाहता करावा, एकाच पेल्यांत हळूंच थर द्यावेत, ताणलेल्या कापडावर ओतावे व चौकट सावकाश कलती करावी. मग हात मागें घ्यावा. कठीण तेंच आहे. दिवसभर यंत्रापुढें एकासारखा एक नग काढणाऱ्या हाताला, पुन्हा तसाच न निघणाऱ्या चित्रापुढें थांबावयास शिकावें लागतें.

घटकाभर रंग ओतला कीं समाधि लागते, असें मानणें मात्र भाबडेपणाचें होय. नागपुरास १९२४ सालीं जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले वासुदेव गायतोंडे हे ओतीव चित्रकार नव्हते. त्यांचें माध्यम तैलरंग, हत्यारें रोलर व सुरी. रंगाचा थर चढवावा, कांहीं काढून घ्यावा, आणि खालचा प्रकाश वर येऊं द्यावा, अशी त्यांची रीत. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता. वर्षाकांठीं मोजकींच चित्रें पुरीं होत. उरलेला काळ पाहण्यांत व वाट पाहण्यांत जाई. रंगाला त्याचें काम करूं देणें आणि कोठें थांबावयाचें तें ओळखणें, या दोन गोष्टींत ओतीव चित्रकाराचें त्यांच्याशीं नातें जुळतें. २००१ सालीं ते वारले; २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें.

ओतलेलें चित्र सपाट जागीं, धुळीपासून दूर, निदान एक दिवस तरी वाळूं द्यावें. उन्हांत वा पंख्याखालीं घाईनें वाळविल्यास वरची साय तडकते. उरलेला रंग मोरींत ओतूं नये. निघोज्याला इंद्रायणी जवळच आहे. तो प्लास्टिकवर पसरून वाळवावा. रबरासारखा सोलून निघतो.