पेशावरचा यूसुफ

मुलांनो, घरातले कोणी वारले की आपण रडतो. शेजारीपाजारीही धावून येतात. पण ज्याला आपण एकदाही प्रत्यक्ष भेटलो नाही, अशा माणसासाठी डोळ्यांत पाणी का येते? ७ जुलै २०२१ रोजी सकाळी मुंबईत दिलीपकुमार यांचे निधन झाले, तेव्हा असे पुष्कळांचे झाले. ते ९८ वर्षांचे होते. ते दिवस कोरोनाच्या साथीचे होते. जुहूच्या कब्रस्तानात थोड्याच लोकांना प्रवेश मिळाला. बाकीचे चाहते बाहेर रस्त्यावरच थांबले.

दिलीपकुमार यांचे खरे नाव यूसुफ खान. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावर येथे झाला. वडील फळांचे व्यापारी होते. पुढे हे कुटुंब महाराष्ट्रात आले. नाशिकजवळच्या देवळालीत यूसुफ शाळेत गेला. तरुणपणी पुण्यात लष्कराच्या कॅन्टीनमध्ये त्याने सँडविचसुद्धा विकले. नंतर बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी यांनी त्याला चित्रपटात घेतले व नवे नाव दिले. पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' १९४४ साली आला.

आता त्यांच्या अभिनयाकडे वळू. त्या काळचे बरेच नट रंगमंचावर असल्यासारखे मोठ्याने, हातवारे करून बोलत. दिलीपकुमार हळू बोलत. कधी वाक्याच्या मध्येच थांबत. पण ते थांबणे रिकामे नसे. या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार प्रेक्षक तेवढ्या वेळात करू लागे. 'देवदास' पाहिलात तर हे लगेच लक्षात येईल. 'मुग़ल-ए-आज़म' १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात लागला, तेव्हा तिकिटांसाठी मोठ्या रांगा लागल्या. त्यातले उर्दू संवाद कित्येकांना तोंडपाठ आहेत. तुमच्या आजोबांना विचारून पाहा. एखादा तरी संवाद ते नक्की म्हणून दाखवतील!

त्यांची मेहनतही मोठी होती. 'कोहिनूर'मध्ये सतार वाजवायची होती, म्हणून ते खरोखरच सतार शिकले. त्यांची मातृभाषा हिंदको. तरी 'गंगा जमुना'मध्ये ते पूरबकडची गावरान बोली बोलले. दुसरी भाषा शिकताना जीभ किती अडखळते, हे तुम्हांला मी काय सांगावे?

चाहते आपल्या आवडत्या नटाची आठवण नाना प्रकारे ठेवतात. एकेकाळी तरुण मुले दिलीपकुमारांसारखी केसांची बट कपाळावर आणत. ती मुले म्हातारी झाली, पण त्यांची आवड गेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिलीपकुमारांची जन्मशताब्दी झाली. तेव्हा देशातील अनेक शहरांत त्यांचे जुने चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आले. मला हा प्रकार सर्वांत चांगला वाटतो. पुतळ्याला हार घालून नटाचे काम दिसत नाही.

पेशावरच्या लोकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे किस्सा ख्वानी बाजाराजवळ मोहल्ला खुदादाद आहे. त्या मोहल्ल्यात त्यांचे वडिलोपार्जित घर होते. २०१४ साली पाकिस्तान सरकारने ते राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केले, पण घर फार मोडकळीस आले होते. २०२० साली दिलीपकुमारांनी पेशावरच्या लोकांना विनंती केली, की कोणी त्या घराचे फोटो काढले असतील तर मला पाठवा. लोकांनी फोटो पाठवले. पुढच्याच वर्षी ते गेल्याची बातमी तेथे पोहोचली. कबर मुंबईत, मधे सरहद्द. जनाज्याला खांदा द्यायला जाणे शक्यच नव्हते. म्हणून चाहते त्या मोहल्ल्यात जमले आणि त्यांनी गायबाना नमाज-ए-जनाजा अदा केली. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म झाला, तेव्हा यूसुफने ते घर सोडून कित्येक वर्षे लोटली होती.